कर्नल मेडोज टेलर : फिरती, वाट आणि ठगाची कादंबरी

गुन्ह्यांच्या कथा लिहिणारा लेखक आणि त्याच्या पायाखालची भूमी यांचा संबंध हा इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासात पुष्कळ चर्चिला गेलेला विषय आहे. आर्थर कॉनन डॉइल १९०१ साली डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या ओसाड माळावर एका मित्रासह हिंडला आणि त्या भटकंतीतून त्याची शेरलॉक होम्सची सर्वांत गाजलेली दीर्घकथा उभी राहिली. पुढे १९१६ च्या सुमारास ॲगाथा ख्रिस्तीने आपली पहिली कादंबरी पुरी करण्यासाठी ह्याच माळावरील एका हॉटेलात पंधरवडाभर मुक्काम केला. सकाळी लिहावयाचे आणि दुपारी माळावर चालत पात्रांचे संवाद स्वतःशीच पुटपुटावयाचे, असा तिचा क्रम होता, हे तिने स्वतःच सांगून ठेवले आहे. खेड्यातील वाट, कुंपण, ओढा आणि तळे ह्यांचे बारीक ज्ञान हा त्या इंग्रजी कथाप्रकाराचा कणाच आहे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे मात्र गुन्ह्यांच्या कथा म्हटल्या की मुंबईच्या गल्ल्या, गोदी आणि चाळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो पुस्तकांनी मराठी वाचकाची तशी सवयच करून टाकली आहे. त्यामुळे ह्या जातीच्या लेखनाचा एक फार जुना आणि महत्त्वाचा नमुना मराठी मुलुखातील पायवाटांवर, आमराईतल्या तळांवर आणि गावकुसाबाहेरच्या नाल्यांत जन्मास आला, ही गोष्ट विसरली जाते. फिलिप मेडोज टेलर ह्याची ठगाच्या कबुलीजबाबाची इंग्रजी कादंबरी लंडनमध्ये १८३९ साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. एडगर ॲलन पो ह्याची पहिली गुप्तहेरकथा त्यानंतर दोन वर्षांनी, १८४१ साली छापली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे टेलरच्या पुस्तकाचे वय नीट कळते. ह्या लेखात त्याचे समग्र चरित्र देण्याचा हेतू नाही. त्याची फिरती आणि त्याची कादंबरी ह्यांचे नाते काय, आणि वऱ्हाडच्या, विशेषतः आपल्या यवतमाळकडील मुलुखाच्या, इतिहासकाराने त्या कादंबरीवर कितपत भार टाकावा, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. घरची स्थिती खालावल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर धाडण्यात आले. १८२४ च्या सप्टेंबरात तो मुंबईस उतरला तेव्हा ती पेढीच डबघाईस आलेली होती. आईच्या नात्यातील एक वजनदार अधिकारी मुंबई सरकारात होता. त्याच्या खटपटीने मुलास निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, रवाना झाला. ही गोष्ट दिसते तेवढी क्षुल्लक नाही. टेलर कंपनी सरकारचा चाकर नव्हता, निजामाचा होता. कंपनीच्या नोकरांस मिळणारा मान आणि बढती त्याच्या वाट्यास आली नाही, आणि ही सल त्याच्या आत्मवृत्तातून पुनःपुन्हा डोके वर काढते. त्याबरोबरच कंपनीच्या छावणीत बंद राहून जे कधी मिळाले नसते ते त्याला मिळाले. लोकांच्या भाषा त्याने पुस्तकातून कमी आणि बोलण्यातून अधिक उचलल्या. पुढे त्याने लग्न केले तेही हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर ह्याच्या मुलीशी, आणि पामरची आई हिंदी मुसलमान घराण्यातील होती. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यास ह्या देशाचे असे घरगुती दर्शन सहसा होत नसे.

वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच टेलरला निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलिसाचा साहाय्यक अधिकारी नेमण्यात आले. तुळजापूर, नळदुर्ग आणि त्यांच्या भोवतालचा बालाघाटाचा टापू त्याच्या ताब्यात होता. आज 'दौरा' ह्या शब्दाने जीपगाडी आणि सर्किट हाऊस आठवते. तेव्हाची फिरती निराळी होती. पहाटे राहुटी उखडावयाची, उन्हे चढण्यापूर्वी दहाबारा मैल घोड्यावर किंवा पायी काटावयाचे, विहीर आणि सावली पाहून पुन्हा तळ द्यावयाचा, आणि मग गावचा पाटील, कुळकर्णी, देशमुख, जागल्या, फिर्यादी व बघे ह्यांच्या गर्दीत संध्याकाळपर्यंत बसावयाचे. थंडीतले चारपाच महिने हाच क्रम. अशा फिरतीवरील माणसास भूमीचे जे ज्ञान होते ते नकाशाचे नसते. गाव केव्हा लागेल, पाणी गोड की खारे, झाडी दाट की विरळ, ओढ्याची रेती घट्ट की भुसभुशीत, वाटेवर रात्री कोण भेटेल, असल्या प्रश्नांचे ते ज्ञान असते.

ह्याच फिरतीत टेलरच्या कानावर वाटसरू नाहीसे झाल्याच्या आणि वाटेलगत प्रेते सापडल्याच्या गोष्टी येऊ लागल्या. ही नेहमीची दरोडेखोरी नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले होते. छडा लागण्यापूर्वीच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले, आणि ठगांचा बोभाटा करण्याचे श्रेय जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमनला मिळाले. आपल्याला त्या जागी राहू दिले असते तर हा शोध आपणच जगापुढे मांडला असता, असे टेलरने म्हातारपणी लिहिले. ह्या विधानात थोडी आत्मप्रौढी आहे. तथापि संशय त्याला आला होता एवढे मान्य करण्यास अडचण नाही. १८३३ च्या सुमारास हैदराबादच्या बाजूस पकडलेल्या आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घेण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याला कळून चुकले की आपण ज्या वाटांवर रोज हिंडत होतो, त्याच वाटांवर, कित्येकदा आपल्या तळापासून हाकेच्या अंतरावर, हे व्यवहार चालले होते.

कादंबरीचा उगम ह्या धक्क्यात आहे, असे माझे मत आहे. ठगांवर त्याने एक लेख लिहून विलायतेस एडवर्ड बुल्वर ह्या त्या वेळच्या नामांकित कादंबरीकाराकडे पाठविला. अशी स्थानिक माहिती जवळ असती तर मी कादंबरीच लिहिली असती, तुम्हीच का लिहीत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. पुढे तापाच्या दीर्घ आजारातून उठताना टेलरने ती लिहून काढली. रजेवर विलायतेस गेल्यावर तिची छपाई झाली, आणि व्हिक्टोरिया राणीने छापखान्यातून मुद्रितेच मागवून वाचली, ही गोष्ट त्या काळी पुष्कळ बोलली गेली. राणी तेव्हा विशीची होती. परदेशच्या एका वाटमाऱ्याची गोष्ट तिने कोणत्या भावनेने वाचली असेल, ह्याची कल्पना करणे मनोरंजक आहे, पण तो ह्या लेखाचा विषय नव्हे.

कादंबरीचा निवेदक अमीर अली हा कैदेत असलेला ठग आहे. समोर बसलेल्या 'साहेबा'स तो आपली जन्मकहाणी सांगतो, आणि साहेब बहुधा गप्प असतो. पुस्तकभर गोरा माणूस जवळजवळ दिसतच नाही. खरी मौज आहे ती अमीर अलीच्या नजरेत. तो कोणत्याही प्रदेशात शिरला की प्रथम वाट पाहतो. ठगांच्या धंद्यात कामाची वाटणी होती. गोड बोलून सावज टोळीत ओढणारा तो सोथा, रुमालाने गळा आवळणारा तो भुत्तोट, आणि प्रेते पुरणारा तो लुघा. ह्यांपैकी लुघाचे काम सर्वस्वी भूमीच्या पारखेचे. खून ज्या जागी करावयाचा ती 'बील' आधी हेरून ठेवावी लागे. वस्तीपासून ती दूर हवी, पण वाटेपासून फार आत नको. जवळ कोरडा ओढा हवा, म्हणजे रेतीत खणणे सोपे जाते. झाडी हवी, म्हणजे पुढून येणाऱ्यास दिसत नाही. आता टेलर तळासाठी जागा कशी पाहत असे ते आठवावे. पाणी, सावली, माती आणि वाटेचे अंतर ह्याच चार गोष्टी तो पाहत होता. अमीर अलीचे डोळे हे फिरतीवरील अधिकाऱ्याचेच डोळे आहेत. फक्त हेतू उलटा आहे. ही कादंबरी आजही वाचकाला अस्वस्थ करते, त्याचे कारण गळफासाच्या वर्णनांपेक्षा ह्या उसन्या दृष्टीत अधिक आहे, असे मला वाटते. वर्णन सुंदर आमराईचे चालले आहे अशा समजुतीने आपण वाचीत असतो, आणि चार ओळींनी उमगते की हा माणूस थडग्याची जागा पाहत होता.

टेलरच्या प्रवासवर्णनाचा दुसरा विशेष म्हणजे वाटेवरील माणुसकीचे बारकावे. एकट्या वाटसरूने मोठ्या जथ्यात सामील होणे, सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानणे, संध्याकाळी चिलीम फिरणे, सतार वाजणे, सावकाराच्या माणसाने कमरेच्या कसणीत ऐवज लपविणे, हे सर्व त्याने पाहिलेले आहे. ठगाचे शस्त्र रुमाल असे सांगण्यात येते. खरे शस्त्र सोबत हे होते, आणि सोबतीची गरज का होती हे टेलरला पक्के ठाऊक होते. राजाश्रयाचे चित्रही त्याने झाकून ठेवलेले नाही. कादंबरीतील जालौनचा राजा अमीर अलीच्या मानलेल्या बापाकडून, इस्माइलकडून, लुटीचा हिस्सा घेतो आणि पुढे सोयीचे झाले तेव्हा त्यालाच ठार करवितो. शेवटी अमीर अलीला कळते की आपण मारलेल्या वाटसरूंत आपली हरवलेली सख्खी बहीणही होती. हा योगायोग नाटकी आहे. त्या काळच्या इंग्रजी कादंबरीस असल्या योगायोगाचे वेड होते.

आता आपल्या भागाकडे वळू. यवतमाळ जिल्हा हा त्या नावाने अलीकडचा. १८६४ साली वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा निराळा जिल्हा करण्यात आला, तो काही काळाने वणीच्या नावाने 'वून' म्हणून ओळखला जाऊ लागला. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ च्या फेररचनेत मिळाले आणि पुसद तालुका त्याच वेळी वाशीमकडून इकडे आला. परंतु मुलूख जुनाच आहे. उत्तर-पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, आणि मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे पसरलेले डोंगरफाटे. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि निजामाचा मुलूख ह्यांच्या सांध्यावर तो वसलेला होता, आणि अशा सांध्यावरच्या वाटा कोणाच्याच पुऱ्या अमलाखाली नसतात. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा आजचा हमरस्ता हिंगणघाट सोडून पांढरकवड्यावरून पैनगंगेकडे उतरतो आणि आदिलाबाद, निर्मळ करीत पुढे जातो. अमीर अलीच्या पहिल्या मोहिमेची दिशा हीच, म्हणजे नागपूर-उमरावतीकडून वऱ्हाड ओलांडून निर्मळमार्गे हैदराबाद.

ह्या भागाच्या वाटा त्या पिढीत किती अशांत होत्या ह्याची साक्ष काढण्यास कादंबरीची गरज नाही. १८१८ च्या एप्रिलात पळता दुसरा बाजीराव ह्याच बाजूस येऊन पोहोचला होता आणि पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याच्या फौजेचा मोड केला. त्याआधी काही वर्षे पेंढाऱ्यांच्या धाडी वऱ्हाडावर कोसळत होत्या. चीतू हा त्यांचा म्होरक्या पुढे १८१९ साली अशीरगडाकडील जंगलात वाघाच्या तोंडी पडला. टेलरने अमीर अलीस काही काळ चीतूच्याच लष्करात घातले आहे. तो भाग काल्पनिक असला तरी त्यामागची जाण खरी आहे. फौजा मोडल्या म्हणजे शिपाई नाहीसे होत नाहीत, ते वाटेवर येतात. बाजीरावाच्या लष्करातून फुटून ह्या डोंगरांत विखुरलेली माणसे कोठे गेली, त्यांनी पोट कसे भरले, ह्याचा शोध आपल्या तालुक्यांच्या जुन्या दप्तरांतून अद्याप नीट घेतला गेलेला नाही. ठगांच्या प्रश्नाची खरी गुरुकिल्ली तेथेच असण्याचा संभव आहे.

कादंबरीच्या पुराव्याचे मोल कसे ठरवावयाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. टेलरने प्रस्तावनेत सांगितले आहे की अमीर अली हा खरोखरीचा ठग होता आणि त्याने आपल्या हातून ७१९ खून झाल्याचे कबूल केले होते. हा आकडा तेव्हापासून ग्रंथोग्रंथी फिरत आहे. परंतु तो आला कोठून? माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या उपयुक्ततेवर अवलंबून असतो. जितक्या टोळ्या, जितकी नावे, जितकी थडगी तो दाखवील, तितके त्याचे आयुष्य वाढते. त्यात १८३६ चा तिसावा कायदा आला. त्याअन्वये अमुक माणसाने अमुक खून केला हे सिद्ध करण्याचीही आवश्यकता उरली नाही. तो केव्हातरी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याच वर्षी स्लीमनने ठगांच्या गुप्त बोलीचा कोश प्रसिद्ध केला, आणि एका धंद्यास जणू स्वतंत्र जातीचे, धर्माचे आणि भाषेचे रूप आले. टेलरची कादंबरी ह्याच वातावरणात लिहिली गेली. कालीची उपासना, शकुन, पवित्र कुदळ आणि गुळाचा प्रसाद ह्यांचा तिच्यात जो थाट आहे तो वाचकांस अत्यंत आवडला. इतिहासकाराने नेमके तेथेच सावध व्हावयास पाहिजे.

अलीकडील संशोधनाने ही सावधगिरी अधिक पक्की केली आहे. किम वॅग्नर ह्या इतिहासकाराने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानातील मूळ कागद तपासून असे दाखविले की वाटसरूंचे हे खून कंपनीने कल्पनेने निर्माण केलेले नव्हते, ते खरोखर होत होते. त्यांच्या मागे प्राचीन पंथ मात्र नव्हता. काम सुटलेले शिपाई, हंगामी शेतकरी, आणि त्यांना आसरा देऊन हिस्सा घेणारे जमीनदार, असा तो व्यवहार होता. हे निष्कर्ष हाती घेऊन टेलरची कादंबरी पुन्हा वाचली तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. प्रस्तावनेतला टेलर स्लीमनच्या बाजूचा आहे. कथेतला टेलर पुष्कळदा वॅग्नरच्या बाजूचा आहे. राजाचा हिस्सा, बेकार शिपाई, सावकाराची भीती, पाटलाची डोळेझाक हे सर्व त्याने वाटेवर पाहिले होते, आणि पाहिलेले त्याला टाकवले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की वाटा, तळ, सोबत, व्यापाराची रीत आणि स्थानिक सत्तेची भागीदारी ह्यांविषयी ह्या पुस्तकावर विश्वास ठेवावा. संख्या, संघटना आणि धर्म ह्यांविषयी ठेवू नये.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. माफी मिळालेल्या ठगांसाठी जबलपुरास एक उद्योगशाळा काढण्यात आली होती. तेथील ठग गालिचे विणीत आणि तंबू शिवीत. गालिच्याची कीर्ती विलायतेपर्यंत गेली. तंबू मात्र येथेच, फिरतीवरील साहेबांच्या उपयोगास आले.

ह्या सर्व प्रकरणाचा परिणाम ठगांपुरता राहिला असता तर आज त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु काही माणसे जन्माने आणि धंद्यानेच गुन्हेगार असतात ही समजूत ठगांच्या बंदोबस्तातून कायद्यात शिरली आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तिने पक्के घर केले. नोंदणी, हजेरी आणि परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, असा त्या कायद्याचा सांगाडा होता. गुन्हा एकट्याचा, पण शिक्षा वाट चालणाऱ्या सबंध समाजास. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो रद्द झाला आणि ते समाज 'विमुक्त' ठरले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात पुसद-दिग्रसकडे हा समाज किती मोठा आहे हे येथील वाचकांस सांगावयास नको. वऱ्हाडचा कापूस, धान्य आणि मीठ ज्यांच्या बैलांच्या तांड्यांनी पिढ्यान् पिढ्या वाहून नेले, ज्यांना ह्या डोंगरांतील प्रत्येक घाट आणि पाणवठा ठाऊक होता, त्यांचे हे वाटेचे ज्ञानच रेल्वे आल्यावर प्रथम निरुपयोगी आणि मग संशयास्पद ठरले. ह्याच समाजातील, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. फिरस्ता साहेब आणि फिरस्ता तांडा एकाच वाटेने जात होते. एकाच्या फिरतीस राज्यकारभार म्हणत आणि दुसऱ्याच्या फिरतीची पोलिसात नोंद होई. ह्या भेदास बळ देणाऱ्या पुस्तकांत टेलरच्या कादंबरीचा हिस्सा आहे, हे त्याच्याविषयी कितीही आपुलकी वाटली तरी नाकारता येत नाही.

आणि आपुलकी वाटावी असे त्याच्यात पुष्कळ होते. १८४१ पासून बारा वर्षे त्याने शोरापूरच्या बेरड संस्थानाचा कारभार अज्ञान राजाच्या वतीने पाहिला. त्या राजाचा १८५८ मधील करुण शेवट हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे लावून दिले, तेव्हा टेलर पुन्हा आपल्या जुन्या मुलुखात, नळदुर्गास, डेप्युटी कमिशनर म्हणून आला. विशीच्या आत जेथे घोडे फेकीत हिंडला तेथे आता पंचेचाळिशीत रस्ते आखीत, तळी बांधवीत, शेतांची मोजणी करीत तो फिरू लागला. बोरी नदीस अडविणारा आदिलशाही बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल ह्यांच्या सान्निध्यात त्याचे राहणे होते. ह्या वास्तव्याचे फळ म्हणजे १८६३ सालची 'तारा' ही कादंबरी. शिवछत्रपती आणि अफझलखान ह्यांच्या काळातील ह्या कथेत तुळजापूरचे देऊळ, घाट आणि नळदुर्गचा किल्ला ज्या तपशिलाने येतात, तो तपशील टिपण्या काढून येत नाही. शेकडो वेळा त्या घाटाने चढल्या-उतरल्याने येतो.

१८५७ च्या ऑगस्टात त्याला उत्तर वऱ्हाडच्या कारभारावर बुलढाण्यास पाठविण्यात आले. हैदराबादचा रेसिडेंट डेव्हिडसन ह्याने, द्यावयास फौज नाही, तसेच टिकून राहा, अशा अर्थाचा निरोप दिला होता. वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडे उठावाचा वणवा पेटलेला होता. टेलरने ते महिने गोऱ्या सैन्यावाचून काढले. पाटील-देशमुखांशी बोलणे, अफवांचा मागोवा घेणे, मध्य हिंदुस्थानाकडे निघालेल्या फौजेस ओढीचे बैल पुरविणे हीच त्याची कामे होती. वऱ्हाड शांत राहिले. त्याचे श्रेय टेलरने अर्थातच स्वतःकडे बरेचसे घेतले आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची, वतनदाराची आणि उमरावतीच्या कापूस-व्यापाऱ्याची स्वतःची काही गणिते असतील, ह्याचा विचार त्याने फारसा केलेला दिसत नाही. तीस वर्षे लोकांत राहूनही राज्यकर्त्याच्या दृष्टीची मर्यादा सुटत नाही ती अशी.

१८६० साली प्रकृती ढासळल्याने तो विलायतेस परतला. मेंदूस इतका थकवा आला होता की पुन्हा लिहिता येईल की नाही ह्याचीच शंका होती. डब्लिनजवळच्या हॅरल्ड्स क्रॉस येथील घरात त्याने हळूहळू लेखणी हाती धरली आणि 'तारा' ही कादंबरी त्या घरात पुरी झाली. आयर्लंडच्या पावसात बसून तो बालाघाटातल्या चैत्राचे ऊन लिहीत होता. त्यानंतर आणखी कादंबऱ्या आल्या, हिंदुस्थानच्या इतिहासाचे एक विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक आले, आणि शोरापूरकडे उकरलेल्या महापाषाणयुगीन थडग्यांवरील निबंधही आले. थडग्यांची त्याची ओढ काही सुटली नाही.

डोळे अधू होत गेले. १८७५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असता, सालारजंगाच्या निमंत्रणावरून तो पुन्हा एकदा हैदराबादेस आला. जुनी माणसे भेटावयास येत आणि तो त्यांना आवाजावरून ओळखी. तेथे ताप आला, तो परत निघाला, आणि वाटेतच, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों ह्या गावी, १३ मे १८७६ रोजी मरण पावला. त्याचे आत्मवृत्त पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने संपादून प्रसिद्ध केले. बुलढाण्याच्या महिन्यांची हकीकत त्यात आहे, आणि वऱ्हाडच्या १८५७ विषयी लिहू पाहणाऱ्याने ती १८५३ ते १८६० च्या महसुली कागदांशेजारी ठेवून वाचावी.